गोळीत औषध कमी, लेबल खोटे: उत्पादकावरचा खटला कोर्टात टिकवायचा कसा

गोळीत घटक कमी असल्याचा अहवाल हाती आला की लढाई जिंकल्यासारखे वाटते. पण उत्पादक सुटतो तो बहुधा मोहोर, पत्रव्यवहार आणि तारखांतल्या चुकांमुळे. रुग्णाला अर्धवट डोस विकणारा अशा चुकांवर सुटू नये, यासाठी औषध निरीक्षकाच्या कामाची पद्धत पुढे दिली आहे.

आधी गुन्हा नेमका ठरवा. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळीला भारतीय औषधकोशाची (औषधांची अधिकृत मानके देणाऱ्या ग्रंथाची) मर्यादा ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम. ४४० निघाले तर औषध अप्रमाणित. लेबलवर खोटा दावा असेल किंवा आवश्यक मजकूर नसेल तर मिथ्याछाप. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार या दोन्हींना कलम २७(डी) लागते: एक ते दोन वर्षे कैद आणि किमान २०,००० रुपये दंड. घटकाच्या जागी दुसराच पदार्थ भरला असेल किंवा दुसऱ्याच कंपनीचे नाव छापले असेल, तर ते कलम १७बी खालचे बनावट औषध. शिक्षा किमान सात वर्षे. हा फरक सुरुवातीलाच पाहा, कारण २०२३ च्या जन विश्वास कायद्यापासून २७(डी) चा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. गोळीत मूळ घटक शून्य असताना फक्त ‘अप्रमाणित’ लिहून थांबणे हा रुग्णांवर अन्याय आहे.

दुकानातून नमुना घेताना फॉर्म १७ (नमुना घेतल्याची सूचना) द्या, रास्त किंमत देऊन पावती घ्या. दुकानदाराने किंमत नाकारली तर फॉर्म १७ए ची पावती द्या. नमुन्याचे दुकानदारासमोर चार भाग करा आणि त्याला स्वतःची मोहोर लावायची मुभा द्या. कारखान्यात तीनच भाग होतात. प्रत्येक भाग पुरेसा मोठा हवा. वजनाची एकसमानता तपासायलाच २० गोळ्या लागतात आणि विद्राव्यतेची (गोळी किती विरघळते याची) चाचणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली तर २४. दहा गोळ्यांची एकच पट्टी ठेवली, तर फेरतपासणीच्या वेळी ती अपुरी पडते.

एक भाग दुकानदाराला, एक फॉर्म १८ (नमुन्यासोबतचे पत्र) सह शासकीय विश्लेषकाकडे, म्हणजे औषध तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाकडे, एक न्यायालयासाठी, एक उत्पादकासाठी. फॉर्म १८ ची प्रत आणि मोहोरेचा ठसा वेगळ्या पाकिटातून पाठवायचा असतो. हे राहिले की ‘मोहोर जुळते कशावरून?’ हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. न्यायालयाचा भाग लेबलवरच्या तापमानातच ठेवा आणि तापमानाची रोज नोंद करा; नाहीतर औषध तुमच्या कपाटात खराब झाले, असे बचाव पक्ष म्हणेल.

विश्लेषकाचा फॉर्म १३ मधला अहवाल आला की त्यात चाचणीची पूर्ण पद्धत आणि आकडे आहेत का पाहा. नुसते ‘प्रमाणित नाही’ असेल तर दुरुस्ती मागा. मग कलम १८ए खाली दुकानदाराला, त्याने नाव दिलेल्या वितरकाला आणि त्याच्याकडून उत्पादकापर्यंत, औषध कुणाकडून घेतले हे साखळीने विचारत जा. उत्पादकाला नमुन्याचा त्याचा भाग आणि अहवालाची प्रत पोचदेय डाकेने पाठवा. प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत त्याने लेखी आव्हान दिले नाही तर अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. आव्हान दिले तर न्यायालय आपल्याकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते आणि तिथला अहवाल अंतिम.

पुष्कळ खटले या फेरतपासणीपाशीच बुडतात. औषधाची मुदत संपल्यावर फेरतपासणीला अर्थ उरत नाही, आरोपीचा हक्क हिरावला जातो आणि न्यायालये खटला रद्द करतात. म्हणून नमुना घेतानाच मुदतीची तारीख फाइलच्या वरच्या पानावर लिहा आणि मुदतीला किमान सहा महिने उरलेले असताना फिर्याद दाखल होईल असे उलटे वेळापत्रक आखा. मंजुरीची फाइल टेबलावर पडून राहिली, ही सबब न्यायालय ऐकत नाही.

दरम्यान कारखाना गाठा. बॅचची उत्पादन नोंद, कच्च्या मालाची नोंदवही, खरेदीची बिले, एचपीएलसीच्या (घटकाचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) मूळ नोंदी आणि कंपनीने राखलेला नमुना ताब्यात घ्या; दस्तऐवज आणि मालासाठी फॉर्म १६ ची पावती द्या. मग गणित करा. ५०० मिलिग्रॅमच्या दोन लाख गोळ्यांना १०० किलो घटक लागतो, घटकाची शुद्धता ९८ टक्के असेल तर सुमारे १०२ किलो. नोंदवहीत ८५ किलोच दिलेले दिसले, तर ‘वितरकाच्या गोदामात उष्णतेने खराब झाले’ हा बचाव तिथेच कोसळतो. याच कारणासाठी त्याच बॅचचा दुसरा नमुना कारखान्यातून किंवा मुख्य डेपोतून घ्यावा.

फिर्यादीत कंपनीसोबत त्या वेळी कामकाजाला जबाबदार असलेली माणसे घ्या आणि प्रत्येकाचे काम काय होते ते लिहा. ‘संचालक आहेत म्हणून’ एवढे कलम ३४ ला पुरत नाही. १ मार्च २०२१ पासून लेबलवरची विपणन कंपनीही (दुसऱ्याने बनवलेले औषध बाजारात विकणारी) गुणवत्तेला जबाबदार आहे, तिला वगळू नका. २७(डी) च्या गुन्ह्याची फिर्याद दाखल करायला तीन वर्षांची मुदत आहे. फिर्याद सत्र न्यायालयात जाते. पोलिसांचा एफआयआर इथे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

निरीक्षक हललाच नाही तर ग्राहकालाही वाट आहे: कलम २६ खाली शुल्क भरून विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येते, आणि कलम ३२ नुसार बाधित व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः फिर्याद करू शकते. त्यासाठी बॅच क्रमांक लिहिलेले बिल आणि न उघडलेली पट्टी जपून ठेवा.