सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटर पॅनेलसाठी बटणं निवडताना

प्रत्येक बटणाला आधी एकच प्रश्न विचारा: याची वायर तुटली तर मशीन थांबेल की चालत राहील? एनओ (दाबल्यावर सर्किट जोडणारं) घ्यायचं की एनसी (दाबल्यावर तोडणारं), हे त्यावरच ठरतं.

सायकल स्टार्ट, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारं बटण, एनओ. वायर तुटली तर सुरूच होणार नाही, एवढंच. फीड होल्ड, म्हणजे चालता अक्ष थांबवून धरणारं, मात्र एनसी, आणि शक्यतो पुढे आलेलं. स्टार्टला कडं असलेलं बटण घ्या, म्हणजे कोपर लागून सायकल सुटत नाही.

इमर्जन्सी स्टॉपमध्ये काटकसर नको. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल मशरूम, दाबल्यावर अडकून राहणारं, दोन एनसी कॉन्टॅक्टचं. दोन्ही सेफ्टी रिलेच्या (मशीन सुरक्षितपणे बंद करणाऱ्या रिलेच्या) वेगवेगळ्या चॅनेलला. कंट्रोलरला फक्त कळवायचं असतं, त्यासाठी वेगळा कॉन्टॅक्ट लावा. इथे एक छुपा धोका आहे: कॉन्टॅक्ट ब्लॉक मागून निसटला, तर मशरूम कितीही दाबा, सर्किट तुटतच नाही. ब्लॉक सुटला की स्वतःच सर्किट उघडणारा प्रकार मिळतो, तोच घ्या. मशरूम फिरवून सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. रीसेट वेगळं हवं.

साधी बटणं 22 मिमीची, आयपी65 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून वरची. हातमोजे घालून काम होत असेल तर दोन बटणांच्या मध्यांत 50 मिमी ठेवा. इनपुट 24 व्होल्टचे असतील तर चांदीचे कॉन्टॅक्ट चालतात. 5 व्होल्ट आणि एखाद-दोन मिलिअँपिअरवर मात्र चांदीवरचा काळा थर फुटत नाही, बटण कधी लागतं, कधी नाही. तिथे सोन्याचा मुलामा हवा.

फीड ओव्हरराइडचा (चालू कामात फीडचा वेग कमी-जास्त करायचा) रोटरी स्विच ग्रे कोडचा घ्या. साध्या बायनरीत 3 वरून 4 वर जाताना तिन्ही बिट बदलतात. ती एकाच क्षणी बदलत नाहीत, मध्येच 0 किंवा 7 वाचला जातो आणि फीडला झटका बसतो. ग्रे कोडमध्ये एका वेळी एकच बिट बदलतं.

हँडव्हील (हाताने फिरवून अक्ष सरकवायची चकती) बहुधा एका फेऱ्याला 100 पल्सचं असतं. कंट्रोलर ए आणि बी या दोन्ही फेजच्या कडा मोजत असेल तर एका टिकेला (चकतीच्या एका खटक्याला) 4 काउंट येतात. स्केल लावताना हा 4 विसरला की 0.01 च्या जागी अक्ष 0.04 मिमी सरकतो. डायल इंडिकेटर लावून दहा टिका फिरवा आणि 0.10 येतं का बघा. x100 वर, म्हणजे टिकेला 0.1 मिमी असताना, एक फेरा म्हणजे 10 मिमी. सेकंदाला तीन फेरे फिरवले तर 1800 मिमी प्रति मिनिट. अक्षाला तेवढा वेग नसेल तर हात थांबल्यावरही तो उरलेलं अंतर चालत राहतो. टूल जॉबजवळ असताना हे महागात पडतं. अशा वेळी हात थांबताच अक्ष थांबवणारा वेग-मोड निवडा. त्यात काही टिका वाया जातात, ते परवडलं. केबल लांब असेल तर ए, बी आणि त्यांचे उलटे सिग्नल देणारं सहा टर्मिनलचं हँडव्हील, शिल्डेड वायरसकट.

यूएसबी कीबोर्ड प्रोग्रॅम टाइप करायला ठीक. त्यावरून जॉग (बटण दाबून धरून अक्ष सरकवणं) नको: स्पिंडलच्या ड्राइव्हच्या नॉइजने यूएसबी तुटलं, तर बटण सोडल्याचा निरोप पोचतच नाही आणि अक्ष चालत राहतो. जॉगची बटणं थेट इनपुटला जोडा.