चियांग माईचं संडे मार्केट: काय घ्यायचं, काय खायचं

थायलंडला जाताय आणि चियांग माई प्लॅनमध्ये असेल तर तिथला एक रविवार धराच, कारण थापे गेटपासून वाट फ्रा सिंग देवळापर्यंतचा राचदम्नेन रोड त्या संध्याकाळी गाड्यांना बंद असतो आणि अख्ख्या रस्त्यावर दुकानं मांडतात. ऊन उतरलं की लगेच पोचा, 8 नंतर नुसती धक्काबुक्की. 6 वाजता स्पीकरवर राष्ट्रगीत लागतं, तेव्हा भाव करत असाल तरी गपचूप उभं राहायचं, अख्खा बाजार थांबलेला असतो.

खरेदीचं म्हणाल तर पहिल्याच स्टॉलवर पर्स उघडू नका, तीच हत्तीवाली पँट पुढे दहा ठिकाणी दिसते. कागदी छत्र्या, हातमागाचे स्टोल, चांदीचे दागिने हे खरं इथलं. घासाघीस करा पण हसत, विक्रेती कॅल्क्युलेटर पुढे करते, तुम्ही त्यावर तुमचा आकडा टाका, आणि एकाच्या जागी तीन घेतले की भाव आपोआप खाली येतो. खाण्यात मात्र भाव करायचा नाही हां, ते बरं दिसत नाही.

खायला रस्त्यालगतच्या देवळांच्या आवारात शिरा. खाओ सोई (नारळाच्या दुधातल्या करीतले नूडल्स), मँगो स्टिकी राइस मस्ट. शाकाहारी असाल तर 'जे' (थाय भाषेत मांस-मासे-अंडी नसलेलं जेवण) म्हणा आणि पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी शोधा, नाहीतर भाजीतही फिश सॉस असतोच. जे मध्ये कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मासवाल्यांचीपण सोय!

20 आणि 100 बाथच्या नोटा सुट्ट्या ठेवा. परतताना लाल सोंगथ्यावमध्ये (मागे बाकं असलेली शेअर टॅक्सी) बसायच्या आधी भाडं ठरवा.