पोरांकडं परदेशात निघालात? आधी औषधाची पिशवी भरा

"सहा महिन्यांच्या गोळ्या एकदमच द्या, पोरानं तिकिटं काढलीत." मेडिकलच्या काउंटरवर असं कुणी म्हणालं की मी गोळ्या मोजायच्या आधी चार प्रश्न विचारतो. गिऱ्हाईक कधी कधी वैतागतं. पण विमानात चक्कर आली, उलट्या झाल्या, जीव घाबरला असं परत येऊन सांगणाऱ्यांना जरा खोदून विचारलं की कारण बऱ्याचदा जमिनीवरच सापडतं. आदल्या दिवसापासून पोटात धड अन्न नाही, लघवी लागेल म्हणून पाणी नाही, आणि सकाळची गोळी मोठ्या बॅगेत, जी विमानाच्या पोटात गेली. आपल्या मराठवाड्यातून निघणाऱ्याला तर हे जास्तच लागू आहे. नांदेडला, संभाजीनगरला विमानतळ असले तरी अमेरिका-दुबईला जायचं म्हणजे बहुतेकांना मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावंच लागतं. परभणीहून मुंबईचं पहाटेचं विमान धरायचं तर आदल्या दुपारीच घर सोडावं लागतं. म्हणजे विमानात बसेपर्यंत माणूस अर्धा दमलेला असतो. म्हणून तयारी घरापासून धरायची.

तिकीट निघालं की पहिलं काम, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून येणं. बीपी-शुगर आटोक्यात असलेल्या माणसाला ते सहसा हसत परवानगी देतात. पण काही जणांनी खरंच थांबून विचारायला हवं. विमानातली हवा जमिनीवरच्या दाबाची नसते. आतला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरचं आहे, म्हणजे त्याच्याही वरच्या हवेत आपण दहा-बारा तास बसणार. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर त्याचा ऑक्सिजन दोन-चार आकड्यांनी उतरतो, एवढंच. पण ज्याचा घरी बसल्या जागीच 95 च्या खाली असतो, दम्यानं किंवा बिडीनं ज्याची फुप्फुसं थकलीत, ज्याचं हृदय कमजोर आहे, रक्त फारच कमी आहे, त्याला हा फरक जड जातो. कोविडच्या वेळी घेतलेलं ते यंत्र कपाटात पडलेलं असेलच. सेल बदला आणि डॉक्टरांकडं जायच्या आधी चार दिवस आकडा लिहून ठेवा.

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, तर तारीख डॉक्टरांनी ठरवायची, तिकिटाच्या दरानं नाही. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करताना काही वेळा डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. तो विरघळेपर्यंत विमान बंद, कारण वर गेल्यावर वायू फुगतो आणि नजर जाऊ शकते. हाताला-पायाला ताजं प्लास्टर असेल तरी सांगा, ते आतून आवळतं. अशा रुग्णांसाठी विमान कंपन्यांचा एक फॉर्म असतो, डॉक्टरांनी भरून द्यायचा. तो आधी पाठवलेला बरा, नाहीतर काउंटरवर अडवतात. ऑक्सिजन लागणाऱ्यांनी आपलं सिलिंडर न्यायचा विचारच करू नये, ते चढू देत नाहीत. हवेतून ऑक्सिजन काढणारं छोटं यंत्र चालतं, पण कंपनीची परवानगी आधी काढून.

आता गोळ्या. आम्ही दुकानदार पाकीट कापून देतो. दहातल्या चार मागितल्या की कात्री चालवायची, आणि नेमका नावाचा आणि मुदतीचा भाग उरलेल्या तुकड्यावर राहून जातो. घरी त्या चार गोळ्या कुठल्या तरी डबीत पडतात, आणि पुढं तिचं नाव "ती सकाळची पिवळी". गावात हे चालतं, कारण डॉक्टरही तोच आणि मेडिकलवालाही तोच. विमानात अटलांटिकवर कुण्या परक्या डॉक्टरनं विचारलं, काय घेता, तर पिवळी सांगून काय उपयोग? म्हणून प्रवासासाठी पूर्ण पाकिटंच घ्या, बिल घ्या, आणि डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी लिहून घ्या, इंग्रजीत, टाइप केलेली, औषधाच्या मूळ नावानं. आपल्याकडची कंपनीची नावं तिकडं कुणाला कळत नाहीत. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन हे जगात सगळीकडं कळतं.

मुक्कामाला लागतील त्यापेक्षा पंधरा दिवसांच्या जास्त घ्या, आणि दोन वाटे करा. मोठा वाटा खांद्यावरच्या बॅगेत, थोडा मोठ्या बॅगेत. सामान हरवणं काही नवं नाही. विमानात लागणाऱ्या दोन दिवसांच्या गोळ्या मात्र वेगळ्या लहान पिशवीत, आणि ती पिशवी समोरच्या सीटच्या खिशात. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवलेली गोळी झोपलेल्या शेजाऱ्याला ओलांडून कुणी काढत नाही. या पिशवीत दम्याचा पंप असेल तर तो, डॉक्टरांनी दिली असेल तर छातीत दुखल्यावर घ्यायची जिभेखालची गोळी, तापाची, उलटीची, जुलाबाची, ओआरएसच्या दोन पुड्या आणि खडीसाखर किंवा ग्लुकोज. जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची, तिनं बीपी एकदम उतरतं.

दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची बघावी. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली दुखण्याची किंवा खोकल्याची औषधं तिथं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. आणि तिथं खसखशीलाही बंदी आहे, तेव्हा लेकीसाठी नेताय त्या मसाल्यात खसखस पडली आहे का ते घरच्या बाईला विचारून घ्या. आजाराचा यात संबंध नाही हे मान्य, पण पोलिसांनी बाजूला बसवलं की बीपी कुणाचंही वाढतं.

इन्सुलिनवाल्यांसाठी वेगळं लिहितो, कारण घोळ तिथंच जास्त होतात. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही. विमानाच्या पोटात थंडीनं गोठलं तर ते कामातून गेलं, नंतर पातळ झालं तरी. आणि आपल्याकडं त्याच्या उलट भीती आहे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पाच तास पडलेलं इन्सुलिन, बाहेर बेचाळीस अंश, आत किती ते विचारू नका. ते वरून नितळच दिसतं, काम मात्र करत नाही. थंड पिशवी नसेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. बर्फ ठेवलाच तर मधे जाड फडकं हवं, कुपीला बर्फ थेट लागू नये. वापरात असलेलं पेन साध्या खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, त्यामुळं विमानात त्याला फ्रिज मागायची गरज नसते. सुया आणि इन्सुलिन तपासणीच्या वेळी बॅगेतून काढून चिठ्ठीसकट पुढं करायचं, विचारायची वाट बघायची नाही.

डोस कधी घ्यायचा, हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारून कागदावर उतरवून आणा. अमेरिकेकडं जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. जाताना एखादा डोस वाढेल, येताना कमी होईल, आणि हे अंदाजानं करायचं काम नाही. एका मनगटावर भारताची वेळ तशीच ठेवलेलं घड्याळ असू द्या. फिटच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांनाही तेच घड्याळ लागतं. आणि समोर ताट आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचायचं नाही. हवा खराब असली की जेवणाची गाडी मधेच थांबते आणि साखर उतरायला लागते.

एक कार्ड करा. पोस्टकार्डाएवढं, पोरांकडून इंग्रजीत लिहून घ्या: नाव, वय, आजार, औषधं, कशाची अॅलर्जी, झालेली ऑपरेशन्स, तिकडच्या मुलाचा आणि इकडच्या डॉक्टरांचा नंबर, विम्याचा नंबर. ते पासपोर्टच्या मागं ठेवा. मोबाइलमध्येही ठेवा, पण मोबाइल बंद पडतो. विमा काढताना जुने आजार लपवू नका. एजंट म्हणेल कशाला लिहिता, हप्ता वाढतो. तिकडं दवाखान्यात पडायची वेळ आली तर त्याच एका ओळीवरून पैसे नाकारतात.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, निदान 48 तास आधी. "मी काय लंगडा झालोय का?" म्हणणारे अण्णा घरोघरी आहेत. त्यांना सांगायचं की मोठ्या विमानतळांवर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालायला अर्धा तास लागतो, आणि गुडघे तिथंच बोलायला लागतात.

निघायच्या दिवशीचं जेवण साधं ठेवा. निरोपाला पाहुणे येतात, पुरणपोळी होते, आग्रह होतो, आणि मग घाटात गाडी वळायला लागली की पोट ढवळतं. उंचावर आतड्यातला वायू साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं फुगतो. म्हणून हरभरा, मटकी, कोबी, सोड्याच्या बाटल्या आदल्या रात्रीपासून नको. धपाटे, दशम्या, सोबत कोरडी शेंगाचटणी हे बेस्ट. दही मात्र डब्यात भरू नका, तपासणीत काढून घेतात. चतुर्थी-एकादशी त्या दिवशी आली तर शुगरवाल्यांनी उपास सोडावा, देव समजून घेतो. गाडी लागणाऱ्यांनी अव्होमिनसारखी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी. तिनं झोप येते, आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याची लघवी अडू शकते, त्यांनी विचारून.

पाण्याचं सांगून थकलो. बाया तर रस्त्यात स्वच्छ जागा मिळत नाही म्हणून घोटही घेत नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आपल्या रस्त्यांवरची मुतारी बघितलेली आहे. त्यावर उपाय एवढाच की गाडी ठरवताना चांगल्या हॉटेलवर दोन थांबे आधीच पक्के करा आणि ड्रायव्हरला तसं सांगा. "लघवीची गोळी" घेणारे हृदयाचे रुग्ण प्रवासाच्या दिवशी तीच नेमकी गाळतात. मग पाणी अंगात साठतं आणि वर गेल्यावर झोपलं की दम लागतो. गोळी गाळू नका. वेळ पुढं-मागं करता येते का ते डॉक्टरांना विचारा.

विमानात आतली हवा फार कोरडी असते. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा. फुकट मिळते म्हणून दारू घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की तिनं अंगातलं पाणी आणखी कमी होतं. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच अंगावर पडणं हेही वाईट. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायातल्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो. तासा-दीड तासानं उठा, जमत नसेल तर बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करा. आधी गाठ झालेल्यांनी डॉक्टरांकडून मापाचे घट्ट मोजे घ्यावेत. अॅस्पिरिन डॉक्टर सोडून दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा गोड गोळी-चॉकलेट चघळा, आवंढे गिळा. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजा. सर्दीनं कान गच्च असतील तर निघायच्या आधीच दाखवा.

एवढं करूनही बरं वाटेनासं झालं, तर डोक्यावरचं माणसाच्या चित्राचं बटण दाबायचं. इथं आपली माणसं मार खातात. "कशाला कुणाला त्रास," म्हणत उठतात आणि गरगरत्या डोक्यानं एकटीच संडासाकडं निघतात, आणि तिथं कडी लावून पडतात. चक्कर हा विमानातला सगळ्यात नेहमीचा आजार आहे. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात विमानातल्या आजारपणांपैकी 37 टक्के चक्कर किंवा बेशुद्धीची होती, आणि निम्म्याच्या आसपास प्रसंगी प्रवाशांमधलाच कुणी डॉक्टर धावून आला होता. विमान मधेच उतरवावं लागलं ते शंभरात सातेक वेळा. तेव्हा आपल्यापायी विमान उतरवतील ही भीती धरून गप्प बसू नका. गरगरलं तर जागच्या जागी आडवं व्हा, पाय वर. हवाई सुंदरीला कार्ड द्या. त्यांच्याकडं ऑक्सिजन असतो, औषधांची पेटी असते, आणि जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलायची सोय बऱ्याच कंपन्या ठेवतात. छातीवर दाब आला, घाम फुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर "उतरल्यावर बघू" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

पोचल्यावर पहिल्या दिवशी नातवंडांना घेऊन फिरायला निघू नका, बीपी-शुगर बघा आणि गोळ्यांच्या वेळा तिकडच्या घड्याळाला लावा. पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक दम लागला, तर ते थकव्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लांबच्या विमानातून आलोय हे तिथं पहिल्या वाक्यात सांगा.