बिडाचा पाइप आणि नवा पीव्हीसी : सांधा असा बसवला

लातूरचं आमचं जुनं घर. मोरीचं पाणी चार इंची बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपातून खाली जातं. वरचा भाग गंजून फुटला म्हणून तिथं ११० एमएमचा पीव्हीसी टाकला आणि मिस्त्रीनं सांधा सिमेंटनं भरून दिला. एप्रिलच्या उन्हात त्याला केसाएवढी चीर गेली, भिंतीला ओल धरली.

तापलं की पीव्हीसी बिडापेक्षा निदान चार-पाच पट जास्त लांबतो. कडक सिमेंटला ते झेपत नाही. पीव्हीसी चिकटवायचं सॉल्व्हंटही इथं चालत नाही, ते बिडाला धरतच नाही. इथं दोन्ही पाइपांच्या टोकांवर चढणारं रबरी कपलिंगच हवं, दोन्ही बाजूंना स्टीलच्या क्लिपा असलेलं.

दोन्ही पाइपांचा बाहेरचा घेर सुतळीनं मोजला, गाठी मारल्या आणि ती सुतळीच दुकानात नेली. बिडाचा काठ ग्राइंडरनं सरळ कापला. हातोडा लावला नाही, बीड ठिसूळ, तडकतं. खरा वेळ गेला घासण्यात. वायर ब्रश, मग कानस, मग पॉलिश पेपर. शेजारचे मामा म्हणाले, "एवढं कशाला घासता?" पण गंजाच्या पापुद्र्यावर रबर बसत नाही, पाणी तिथूनच वाट काढतं. बोट फिरवून खरखर लागेना, तेव्हाच थांबलो.

कपलिंगवर वजन येऊ नये म्हणून वरच्या पाइपाला भिंतीत क्लॅम्प मारला. क्लिपा आलटून पालटून आवळल्या. सांध्याखाली वर्तमानपत्र गुंडाळून चार बादल्या पाणी एकदम ओतलं.

कागद कोरडा निघाला.