एसएसडी हळू चालते? विंडोज उडवायच्या आधी या चुका टाळा

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारा, चिपवर डेटा साठवणारा वेगवान ड्राइव्ह. "नवी एसएसडी टाकली, तरी स्पीड मिळंना" म्हणत माझ्या दुकानात येणारे बरेच जण आधीच विंडोज फॉरमॅट करून आलेले असतात. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं. दोष जागच्या जागी राहतो आणि टॅलीचा डेटा तेवढा जातो.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक म्हणजे उष्णता विसरणं. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, आणि लोक पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवतात. लग्नसराईत एक व्हिडिओ स्टुडिओवाले अण्णा आले. सकाळी मशीन पळायचं, दुपारी एडिटिंग अडकायचं. एसएसडी डुप्लिकेट आहे असं कुणी सांगितलं म्हणून दुसरी घेतली, तर तीही तशीच. कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डच्या हीटसिंकखाली (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीखाली) जो मऊ थर्मल पॅड असतो, त्याच्यावरचं पातळ प्लास्टिक काढलेलंच नव्हतं! उष्णता जाणार कुठून? एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार, साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. प्लास्टिक काढलं, पुढचा पंखा साफ केला, दुपारचं रडणं थांबलं.

चार दिवसांनी फोन आला, "अजून खराबच आहे हो. कॉपी सुरुवातीला जोरात जाते, मग सेकंदाला शंभर एमबीवर येते." ते अख्ख्या लग्नाचं शूटिंग एका दमात टाकत होते. स्वस्त ड्राइव्ह आधी थोड्या जागेत, एसएलसी कॅशमध्ये, भराभर लिहितो. ती भरली की खरा वेग उघडा पडतो, आणि क्यूएलसी या स्वस्त, हळू लिहिणाऱ्या चिपवाल्यांचा तर कधीकधी हार्ड डिस्कपेक्षाही कमी. ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल तर ही कॅशही आक्रसते. मी पाचवा हिस्सा रिकामा ठेवतो. रोज व्हिडिओ ओतायचा असेल तर त्याहून वेगानं लिहिणाऱ्या टीएलसी चिपचाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

खोक्यावरचा आकडा एका मोठ्या फाइलचा असतो. हजारो बारीक फोटो कॉपी करताना तो मिळणार नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून कॉपी करत असाल तर वेग हार्ड डिस्कचाच. यूएसबी २.० च्या पोर्टात बाहेरची एसएसडी लावून सेकंदाला चाळीस एमबीवर चिडणाऱ्यांना मी आता नुसतं निळं पोर्ट दाखवतो.

साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीला सेकंदाला साडेपाचशे एमबीची मर्यादा आहे, तिच्याकडून एनव्हीएमईसारखे साडेतीन हजार मागू नका. दिसायला एम.२, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी चपटी पट्टी, असली तरी आतून साटा असू शकते. जुन्या बोर्डावर साटा २ चं पोर्ट असेल तर पावणेतीनशेच्या आसपासच अडकते.

मी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासायचं सॉफ्टवेअर उघडतो. ट्रान्सफर मोडमध्ये दोन नोंदी दिसतात. डावीकडची आत्ताची, उजवीकडची ड्राइव्हला जमणारी. डावीकडे एक्स२ आणि उजवीकडे एक्स४ दिसलं, म्हणजे चार लेनचा ड्राइव्ह दोनच लेनवर चालतोय, की स्लॉट बदलायचा, बोर्डाचं मॅन्युअल वाचून. तिथंच तापमानही दिसतं. ते मोठी कॉपी चालू असताना बघा, निवांत बसलेल्या मशीनचं बघून काय उपयोग?

डीफ्रॅगची (फाइलींचे तुकडे एकत्र लावणारी) जुनी सॉफ्टवेअरं टाकू नका, विंडोजचं ऑप्टिमाइझ ट्रिमसाठी, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवण्यासाठी, पुरेसं आहे. आणि स्पीड बूस्टर नावाचं जे काही फुकट मिळतं, ते माझ्या दुकानात तरी दाखवू नका.