पॅपच्या रिपोर्टात दोष आला? पिशवी काढायची घाई नको

पॅप स्मिअरच्या रिपोर्टवर 'ॲबनॉर्मल' दिसलं की घरात आधी 'कॅन्सर' हा शब्द निघतो आणि पाठोपाठ 'पिशवीच काढून टाका'. पॅप म्हणजे पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, ती नुसती चाळणी आहे. निदान बायोप्सीतूनच होतं.

रिपोर्टच्या तळाशी निष्कर्षाची ओळ असते, ती वाचा. 'अनसॅटिस्फॅक्टरी' हा आजार नव्हे. पाळी चालू असताना, आदल्या दोन दिवसांत संबंध आला असताना किंवा आतून गोळी ठेवली असताना नमुना घेतला की तो वाया जातो. दोन ते चार महिन्यांनी पुन्हा द्या. 'ॲस्कस' (पेशी थोड्या वेगळ्या, पण कारण स्पष्ट नाही) आलं तर एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीवर पुढचं ठरतं. 'एलसिल' म्हणजे सौम्य बदल. 'एचसिल', 'ॲस्क-एच' किंवा 'एजीसी' (गंभीर बदल किंवा त्याची शंका) असेल तर मात्र दिवस काढू नका, कॉल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. एचपीव्हीचा १६ किंवा १८ प्रकार निघाला तर पॅप नॉर्मल असला तरी तेच, कारण गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे हे दोन प्रकार असतात. (आणि यावरून नवराबायकोनं भांडू नये. हा विषाणू संबंधातून येतो, पण वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो.)

कॉल्पोस्कोपीत पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. थोडं झोंबतं. बिघडलेली जागा पांढरी उमटते. मग आयोडीन लावलं की निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बिघडलेला पिवळट राहतो. तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, चिमटा काढल्यासारखं वाटतं. कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, जुने रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख घेऊन जा. चंदगड-गगनबावड्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी पाळी संपल्यानंतरचाच दिवस मागावा, नाहीतर हेलपाटा.

बायोप्सीत 'सीआयएन' (कॅन्सरच्या आधीचे पेशीबदल, १ ते ३ पायऱ्या) १ आलं तर बहुधा उपचार लागत नाही, वर्षभरानं पुन्हा तपासणी. '२' किंवा '३' असेल तर लीप: जागेपुरती भूल देऊन विजेच्या तारेच्या वेटोळ्यानं तेवढा भाग काढतात. काढलेला तुकडा लॅबला गेलाच पाहिजे, आणि रिपोर्टात 'मार्जिन' म्हणजे कडा साफ आहेत का, हे विचारा. थर्मल किंवा क्रायोनं जागा जाळली-गोठवली तर तपासायला तुकडाच उरत नाही. म्हणून डाग पूर्ण दिसत असेल तरच ते करतात.

नंतर तीन-चार आठवडे अंगावरून पाणी जातं. तेवढे दिवस संबंध नको, वैरणीचा बिंडा उचलणं नको. ताप, घाण वास किंवा पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सहा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी असते. त्रास नाही म्हणून ती हमखास टाळली जाते, आणि परत उगवलेला डाग तसाच वाढत राहतो.

पिशवी काढायचा प्रश्न येतोच तर तो बायोप्सीनंतर. आत कॅन्सर लपलेला असेल तर साधं ऑपरेशन अपुरं पडतं. आणि सीआयएन २-३ साठी पिशवी काढली, तरी पुढं तपासणी चालू ठेवावीच लागते.