देवाजवळ ज्ञान मागताना या चुका टाळा

ठाण्यात आमच्या घरगुती प्रार्थनेला मावसभावाने साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. सोडतीत तळोज्याला घर लागलं होतं. "प्रभूने दार उघडलं," तो म्हणाला आणि सगळे हालेलुया म्हणाले. मावशीने, म्हणजे त्याच्याच आईने, चहाचा कप खाली ठेवला. "हप्ता किती बसणार रे? आणि सातच्या पाळीला वागळे इस्टेटला पोचणार कसा? पेंधरहून मेट्रो, बेलापूरहून लोकल, ठाण्याहून रिक्षा?" खोली गप्प. आई आपल्या विश्वासावर पाणी ओततेय असं वाटून त्याचं तोंड उतरलं. मला विचाराल तर त्या संध्याकाळी देव बोलला तो मावशीच्याच तोंडून.

आपली पहिली चूक हीच. निर्णय घेऊन मोकळे होतो आणि मग त्यावर देवाचा शिक्का मागतो. याकोबाच्या पत्रात (१:५) ज्ञानाने उणा असणाऱ्याला मागायला सांगितलंय, आणि मागणाऱ्याला देव दोष लावत नाही असंही म्हटलंय. पण आधी आपण उणे आहोत हे कबूल तर करायला हवं! "प्रभू, हे घर मिळू दे" आणि "प्रभू, हे घर घ्यावं का हे मला कळू दे" या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत. बहुतेक वेळा आपण पहिलीच करतो.

दुसरी चूक वचनांच्या डबीची, म्हणजे बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या डबीची. आमच्या घरीही ती टीव्हीशेजारी असते, त्यामुळे नावं ठेवायचा अधिकार मला आहे. ऐरोलीच्या नोकरीचा प्रश्न होता तेव्हा मी चिठ्ठी काढली आणि यिर्मया २९:११ आलं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो भावी सुस्थिती देईल. झालं, होकार मिळाला! तो अध्याय पुरता वाचला तो पुढे कधीतरी. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा त्यांची दोन वर्षांत सुटका होईल असं आश्वासन देतो. यिर्मया लिहितो, ७० वर्षं लागतील. तिथेच घरं बांधा, मळे लावा. म्हणजे ज्या वचनावर मी राजीनामा टाइप करायला घेतला होता, ते लोकांना घाईच्या आशेपासून आवरण्यासाठी लिहिलेल्या पत्रातलं होतं. डबी फेकू नका. पण चिठ्ठी निघाली की तो अख्खा अध्याय वाचा, जमलं तर मागचा-पुढचाही.

"मनाला शांती वाटली, म्हणून हो म्हटलं." हे वाक्य आपल्या मंडळीत इतकं चालतं की त्यावर कोणी उलट प्रश्न करत नाही. योना संदेष्टा देवापासून पळत होता, तरी तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता आणि घामाघूम झाला होता. शांती हे देवाचं देणं खरंच, पण ती एकटी साक्षीदार म्हणून पुरत नाही. कधी कधी ती नुसती सुटकेची भावना असते: अवघड फोन करायचा टळला, म्हणून वाटलेली.

याउलट, जिथे सगळं स्वच्छ दिसतं तिथे आपण विचारतच नाही. यहोशवाच्या ९व्या अध्यायात गिबोनचे लोक बुरसटलेल्या भाकरी आणि फाटके जोडे घेऊन येतात, फार दुरून आल्याचं सांगतात. इस्राएलची माणसं भाकर तपासतात, परमेश्वराला मात्र विचारत नाहीत, आणि शेजाऱ्यांशीच करार करून बसतात. गंमत म्हणजे पुढे याच गिबोनात शलमोन राजाने देवाजवळ ज्ञान मागितलं.

सल्ला मागतानाही आपल्याला हवं तेच ऐकायचं असतं. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा झाला; त्याला वडीलधाऱ्यांचं म्हणणं पटलं नाही, म्हणून त्याने बरोबरीच्या पोरांना विचारलं आणि राज्य दुभंगलं. पाळकांनी "थांब" म्हटल्यावर दुसऱ्या मंडळीच्या पास्टरना फोन लावणारे आपल्यात कमी नाहीत.

मग करायचं काय? शलमोनासमोर दोन बायका एका बाळासाठी भांडत आल्या तेव्हा तलवार मागवण्याआधी त्याने दोघींचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगितलं (१ राजे ३:२३). हे घरी करून बघा. सोसायटीच्या पार्किंगवरून भांडण असो की सासू-सुनेचं, समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडून दाखवा, मगच प्रार्थनेला बसा. प्रार्थनेतला सूरच बदलतो. मावसभावानेही शेवटी वही घेतली: एका बाजूला हप्ता, दुसऱ्या बाजूला प्रवासाचे तास. वही मधे ठेवून आम्ही पुन्हा गुडघे टेकले.

आणि नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, तारखेला एक या हिशेबाने लोकलमध्ये उभ्यानेही वाचून होतात. ६ तारखेला दुसऱ्यासाठी जामीन राहण्याबद्दल वाचाल. कोणाच्या कर्जाच्या कागदावर सही करायची असेल, तर ती ७ तारखेपर्यंत लांबवा.